प्रॉक्समॉक्स व्हीई घेऊ का? उद्यमबागेतल्या एका हापिसाचा रिव्ह्यू

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्यासारखी बारकी मशीन शॉपं भरपूर, आणि बहुतेक ठिकाणी हापिसाच्या कोपऱ्यात एक जुना टॉवर सर्व्हर असतोय ज्याला कुणी हात लावत नाही. टॅली त्याच्यावर, ड्रॉइंगचं शेअर त्याच्यावर, हजेरीचं सॉफ्टवेअर पण त्याच्यावरच. मदरबोर्ड गेला तर तसला बोर्ड आता मिळत नाही, आणि तीच हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर विंडोज बरेचदा निळा स्क्रीन दाखवून बसतंय, कारण त्याला बूट व्हायला जुन्याच डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर सवयीचा असतोय. आम्ही हे सगळं प्रॉक्समॉक्सवर नेलं, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. सरळ सांगतो, घ्या. पण आत काय चाललंय ते थोडं समजून घेतलं तरच त्याचा फायदा आहे.

हे डेबियन लिनक्सवर बसवलेलं, व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासून चालू असलेलं सॉफ्टवेअर. आत मुख्य काम केव्हीएम करतंय, जे २००७ मधे लिनक्सच्या कर्नलमधेच (गाभ्यातच) आलं, आणि डिस्क, नेटवर्क कार्ड, यूएसबी हा बाकीचा संसार क्यूईएमयू मांडतंय. आमच्या मालकांनी पहिल्यांदाच विचारलं, "अख्खा सर्व्हर फाईलमधे बसतोय म्हणताय, मग विंडोज चालतंय कशावर वो?" प्रश्न एकदम बरोबर. विंडोजला जे हार्डवेअर दिसतंय ते आपण लिहून दिलेलं असतंय. प्रत्येक व्हीएमची एक बारकी टेक्स्ट फाईल असते, त्यात किती कोर, किती रॅम, डिस्क कुठल्या कंट्रोलरला, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (ओळख क्रमांक) काय, एवढंच. खालच्या लोखंडात इंटेलचा झिऑन प्रोसेसर असो नाहीतर एएमडीचा रायझेन, विंडोजला ही यादीच खरी.

मला सगळ्यात आवडला तो हार्डवेअरचा टॅब, कारण तिथं काही लपवलेलं नाही. मशीनचा डीफॉल्ट प्रकार आय४४०एफएक्स, म्हणजे इंटेलचा १९९६ सालचा चिपसेट! नव्या कोऱ्या प्रोसेसरवर बसून विंडोजला पेंटियमच्या काळातला बोर्ड दिसतोय आणि ते खुश, कारण त्याचे ड्रायव्हर जुन्या विंडोजमधे आधीपासूनच आहेत. नवीन विंडोजला क्यू३५ हा त्यानंतरचा चिपसेट निवडा.

आता नेटवर्क कार्ड. यात ई-१००० निवडलं तर ती इंटेलच्या खऱ्या कार्डाची सॉफ्टवेअरमधली नक्कल, विंडोजचा ड्रायव्हर त्या कार्डाच्या रजिस्टरमधे काही लिहायला गेला की प्रोसेसर व्हीएममधनं बाहेर येणार, होस्ट (खालचं खरं मशीन) बघणार काय लिहिलंय, तसं करणार, परत आत पाठवणार, आणि ट्रॅफिक वाढलं की हेच सारखं सारखं. कन्नड गिऱ्हाईक आणि मराठी दुकानदार यांच्यामधे दर वाक्याला दुभाषा उभा केल्यासारखं. खडेबाजारात असला धंदा कोण करतंय, दोघं मिळून आपली एक खिचडी भाषा बोलतात आणि सौदा उरकतात. ती खिचडी म्हणजे व्हर्टआयओ. यात विंडोजच्या ड्रायव्हरला माहीत असतंय की समोर खरं कार्ड नाही, म्हणून नाटक न करता दोघांच्या सामायिक मेमरीतल्या रांगेत डेटा ठेवून देतंय. फरक ड्रॉइंगची मोठी फाईल उघडताना लगेच कळतो.

पण विंडोजकडे व्हर्टआयओचे ड्रायव्हर मुळात नसतात. इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही आणि माणूस घाबरतोय, तर घाबरू नका, ड्रायव्हरचं आयएसओ (सीडीची फाईल) व्हीएमच्या दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावायचं आणि तिथनं ड्रायव्हर लोड करायचा. जुना सर्व्हर उचलून आणला असेल तर पहिला साटा या साध्या डिस्क कंट्रोलरवर बूट करा, मग एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडा, ड्रायव्हर बसू द्या, बंद करा, आणि मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. बूट ऑर्डरमधे ती डिस्क परत निवडायला लागते. डिव्हाइस मॅनेजरमधे मग रेड हॅटचं कार्ड दिसतंय, ते तसंच असतंय.

प्रोसेसरची मात्र नक्कल होत नाही, इथं बरेच जण गोंधळतात. व्हीएममधल्या सूचना खऱ्या प्रोसेसरवरच थेट चालतात, फक्त नाजूक ठिकाणी होस्टकडे ताबा जातोय. इंटेलनं त्यासाठी व्हीटी-एक्स २००५ मधे आणलं, त्याच्या आधी व्हीएमवेअर या दुसऱ्या व्हीएम सॉफ्टवेअरवाले १९९९ पासून अवघड सूचना चालता चालता बदलून काम भागवायचे. जुन्या डेस्कटॉपला बायोसमधे व्हीटी बंद असतंय, तेवढं चालू करा. सीपीयूचा प्रकार 'होस्ट' ठेवला तर खालच्या प्रोसेसरची सगळी ताकद मिळते, पण तीच व्हीएम दुसऱ्या पिढीच्या मशीनवर चालू असताना हलवायला गेलात तर लटकू शकते. आम्ही डीफॉल्टच ठेवलंय, एक्स८६-६४-व्ही२-एईएस. टॅलीला असं कितीसं डोकं लागतंय.

लोखंडाच्या जितकं जवळ जाल तितकी हलायची मोकळीक जाते. आमच्या कॅम सॉफ्टवेअरला (मशीनचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या) यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, आहे. ते व्हीएमला थेट देता येतं आणि व्यवस्थित चालतंय, पण मग ती व्हीएम त्या डब्याला बांधली, चालू असताना दुसऱ्या नोडवर (मशीनवर) जात नाही. हा प्रॉक्समॉक्सचा दोष नाही, डोंगल खरी वस्तू आहे, तिला फाईलमधे घालता येत नाही. ग्राफिक्स कार्डाचंही तेच.

कस लागला तो बॅकअपला. नॅसवरचा (नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्यावरचा) बॅकअप एका असेंबल्ड रायझेन डेस्कटॉपवर रिस्टोर करून बघितला, मूळ सर्व्हर झिऑनचा. व्हीएम चालू झाली आणि विंडोजनं हूं की चूं केलं नाही, बिलं उघडली, कोल्हापूरच्या पार्ट्यांची २७ वाली आणि आपली २९ वाली (जीएसटीचे महाराष्ट्राचा आणि कर्नाटकचा कोड) सगळी जागेवर. एक लक्षात ठेवा, रिस्टोर करताना 'युनिक'ची टिक लावलीत तर नवीन मॅक ॲड्रेस बनतोय, आणि ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅकला बांधलेलं असतंय ते बोंबलतंय. फक्त दोन्ही मशीन एकाच वेळी चालू ठेवायच्या असतील तेव्हाच टिक.

रॅमबद्दल आशा ठेवू नका. कोर आहेत त्यापेक्षा जास्त वाटले तरी चालतंय, सगळे एकदम कामाला लागत नाहीत, पण बत्तीस जीबी म्हणजे बत्तीसच, त्यातही डिस्कला झेडएफएस (फाईल सिस्टिम) वापरलं की तेही आपला वाटा घेतंय.

पैशाचं म्हणाल तर सॉफ्टवेअर फुकट, सपोर्ट पाहिजे तर दर सॉकेटमागे (म्हणजे दर प्रोसेसरमागे) वर्षाला सबस्क्रिप्शन. न घेतल्यास दर लॉगिनला एक खिडकी येऊन आठवण करते, ओके दाबायचं. २०२३ मधे ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेऊन कायमची लायसन्सं बंद केल्यापासून बरेच जण इकडं वळलेत, त्यामुळं अडलं तर उत्तरं सापडतात. जुन्या सर्व्हरबरोबर आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स मात्र त्या डब्यापुरतंच असतंय, दुसऱ्या डब्यावरच्या व्हीएमला वेगळं घ्यायला लागतंय, तेवढा खर्च मालकांना आधीच सांगून ठेवा.