बर्ले : सांधा दिसतो, म्हणूनच घ्यावी अशी बशी

बर्ले हा इंग्लंडमधला मातीच्या भांड्यांचा ब्रँड. ही भांडी जिथे बनतात ती मिडलपोर्ट पॉटरी, म्हणजे भांड्यांचा कारखाना, स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातल्या बर्स्लेमला, कालव्याच्या काठावर, १८८९ पासून उभी आहे. बाटलीच्या आकाराच्या सात भट्ट्यांपैकी आता एकच उरली आहे. २०११ मध्ये वारसा-न्यासाने इमारत विकत घेतली, म्हणून काम तिथेच चालू राहिले.

बर्लेची खरी किंमत आहे ती छपाईची. कोरलेल्या तांब्याच्या रुळावरून नक्षी पातळ टिश्यू कागदावर उतरते. तो कागद कापून एकदा भाजलेल्या भांड्यावर हाताने बसवतात, ताठ ब्रशने घासतात आणि मग पाण्याने धुऊन काढतात. रंग भांड्यावर राहतो. त्यावर झिलई चढते आणि भांडे पुन्हा भट्टीत जाते. नक्षी झिलईखाली असल्याने चमच्याने खरवडून निघत नाही. कागदाला सुरकुती पडली, की रेघ उमटते. चहादाणीच्या कडीखाली किंवा तोटीपाशी फुलांची जोडणी थोडी चुकलेली दिसते. हा दोष समजून परत करू नका. स्टिकरसारख्या छापातही सांधे असतात, पण इतकी जिवंत रेघ नसते.

पहिली खरेदी असेल तर निळ्या ‘कॅलिको’ नक्षीचा मग घ्या.

मात्र हे बोन चायना (हाडांची राख मिसळलेली पातळ चिनी माती) नव्हे, अर्दनवेअर म्हणजे सच्छिद्र भाजलेली माती आहे. ते जाड असते आणि कडेला आपटले तर टवका उडतो. टवक्यातून आतली सच्छिद्र माती पाणी पिते, मग तिथे चहाचे डाग बसतात. गॅसवर तर ठेवूच नका. फ्रिजमधून काढून लगेच उकळते पाणीही ओतू नका.