जागेवर वाढणारं घर की एसआरएचा टॉवर?

मुंबईच्या झोपडपट्टीत घर एका दमात बांधलं जात नाही, ते वाढत जातं. आधी पत्रे, मग विटा, मग पोटमाळा. मुलाचं लग्न ठरलं की बाहेरून लोखंडी शिडी आणि वर आणखी एक खोली. नाहीतर तीच भाड्याने. धारावीच्या कुंभारवाड्यात तर माती मळणं, पणत्या वाळवणं, भट्टी, सगळं दारातच. उणिवा काय, उघड्याच आहेत: संडासाची रांग, पाण्याची ठरलेली वेळ, पावसाळ्यात घरात शिरणारं गटार.

१९९५ साली आलेल्या एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, पात्र कुटुंबाला मोफत पक्कं घर मिळतं, सध्या ३०० चौरस फुटांचं. संडास आत. बायकांना विचारा, एवढ्यासाठीच कित्येकजणी हो म्हणतील. पण इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लावावा लागतो. त्यात मेंटेनन्स वेगळा. सातव्या मजल्यावर भट्टी कुठे पेटवणार? पोटमाळ्यावरचा भाडेकरू तर बहुधा अपात्रच.

नोकरदार कुटुंबाने टॉवर घ्यावा. धंदेवाल्यांसाठी मात्र १९८५ चीच वाट बरी होती: वर्ल्ड बँकेच्या मदतीने वस्तीची जमीन सोसायटीला भाडेपट्ट्याने, आणि घर सुधारायला कर्ज.