स्किझोफ्रेनियातली मंदावलेली स्मरणशक्ती: गोळी की सराव?

आवाज ऐकू येणं थांबलं, संशय निवळला, तरी चार कामं सांगितली की माणूस दुसऱ्यावरच अडतो. घरच्यांना तो आळस वाटतो. तो आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

औषधं भास आणि भ्रम आवरतात, म्हणून ती सोडायची नाहीतच. पण लक्ष, स्मरणशक्ती, नियोजन यांवर त्यांचा परिणाम तुटपुंजा. खास यासाठी बनवलेलं आयक्लेपर्टिन हे औषध २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत अपयशी ठरलं. उलट हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळी स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दुसरा मार्ग सरावाचा: कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, नियोजन यांचं प्रशिक्षण. त्यात बहुधा संगणकावरचे व्यायाम असतात, पण खरं काम थेरपिस्टसोबत होतं: यादी मोठ्याने म्हणून पाहणं, मोठ्या कामाचे तुकडे पाडणं, मग तीच युक्ती घरी वापरणं. फायदा अफाट नाही, लहान ते मध्यम. नोकरीच्या प्रशिक्षणाची जोड मिळाली तर मात्र तो रोजच्या जगण्यात उतरतो. नुसतं ॲप हातात देऊन हे साधत नाही.

माझा कौल, औषध चालू ठेवून, सरावालाच. अडचण एवढीच की तो नीट शिकवणारे फार थोड्या ठिकाणी भेटतात.