सर्वेक्षणाचा डेटा की गाव? स्त्री-आरोग्यात संशोधन करायचं असेल तर

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा न्यूट्रिशनचं एमएस्सी संपत आलेल्या, बायकांच्या आरोग्यातच काम करायचं ठरवलेल्या मुली इथे बडोद्यात भेटल्या की हमखास विचारतात, "ताई, मोठ्या सर्वेक्षणांचा डेटा घेऊन बसू की फील्डवर जाऊ?" मी दोन्ही केलंय. आधी साडेतीन वर्षं डेटा, त्यानंतर पादरा आणि वाघोडिया तालुक्यातली गावं.

डेटाच्या कामात पगार वेळेवर होतो, पेपर लवकर निघतात, घरी लहान मूल असलं तरी निभतं. शिवाय त्या आकड्यांना वजन असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ बायकांच्या मुलाखती आहेत. दोन गावांचं काय सांगता, असं कुणी म्हणू शकत नाही. चौथ्या फेरीत (२०१५-१६) गर्भाशय काढल्याचा प्रश्न आला आणि देशभरात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा नसता तर २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची बातमी आली तेव्हा तो एका जिल्ह्याचाच प्रश्न वाटला असता.

पण मला एक गोष्ट सतत खुपायची. समोर ओळ असायची : वय २८, गर्भाशय काढलं, कारण अतिरक्तस्राव. बस. आधी गोळ्या देऊन पाहिल्या का? काढून टाका म्हणून कोण म्हणालं? तिला विचारायची सोयच नव्हती.

मग पादऱ्याकडच्या एका गावात प्रश्नावली तपासून बघायला गेले. ओट्यावर एक काकी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय का, विचारलं. "ना." मी नाहीवर खूण केली. पंधरा-वीस मिनिटांनी कंबरदुखीचा विषय निघाला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "कोथळी तो क्यारनी कढावी नाखी छे." म्हणजे, ती तर केव्हाच काढून टाकलीय. गर्भाशय हा शब्द आमच्या कागदावरचा. गावात ती कोथळी, आपल्याकडे पिशवी म्हणतात तशी. आणि नुसतं ऑपरेशन म्हटलं की बायकांच्या डोक्यात येते ती नसबंदी. टेबलावर बसून मी अशा किती 'नाही' बेरजेत धरल्या असतील, हा विचार मला अजून सोडत नाही. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांतल्या बहुतेकींची तशी तपासणी पूर्वी कधी झालीच नव्हती. गावात गेल्याशिवाय ते कळलंच नसतं.

फील्डचे त्रास मात्र खरे आहेत. करार अकरा महिन्यांचा. एका प्रकल्पात तर तीन महिने पगार अडकला होता. दोन वर्षांत माझा एकच पेपर झाला. सासूबाई खाटेवरून हलत नाहीत आणि त्यांच्यासमोर सून पांढऱ्या पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आम्ही जोडीने जातो. एक जण सासूबाईंची वेगळी प्रश्नावली घेऊन अंगणात बसते, तेवढ्यात दुसरी सुनेशी बोलते. आशाबेनची, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीची, ओळख नसेल तर पहिली दोन घरंही होत नाहीत.

घरची जबाबदारी असेल, पीएचडी लवकर हवी असेल, तर डेटाच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण दोन-तीन वर्षं मोकळी असतील तर मला वाटतं आधी गाव बघावं. डेटाकडे नंतर वळता येतं, आणि तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ वेगळी वाचली जाते. बघायचं असेल तर एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर चला. दुपारी दोननंतर निघू, त्याआधी बायका शेतावरून आलेल्या नसतात.