एफआयपीचं औषध घरपोच विकणाऱ्यांपासून सावध राहा

इंदूरमध्ये मांजरं पाळणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. एफआयपी हा मांजरांना होणारा जीवघेणा आजार आहे.

आमच्या चिंगीचा ताप उतरेना. खाणं सुटलं, अंग वाळलं आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगत गेलं. डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढलं, ते पिवळं आणि चिकट, तार धरणारं होतं. रक्तातल्या अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तर ०.४ च्याही खाली. हे सगळं एकत्र पाहून त्यांनी एफआयपी सांगितला. नुसत्या मांजरांच्या कोरोना विषाणूच्या अँटीबॉडी रिपोर्टवर हे निदान होत नाही. तो विषाणू पुष्कळ धडधाकट मांजरांच्या आतड्यात असतो, थोड्यांच्याच शरीरात तो बदलून जीवघेणा होतो.

पूर्वी यावर इलाज नव्हता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांना दिलं, त्यातली २५ दीर्घकाळ जगली. हीच आशा हे लोक विकतात.

एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला फोन आला. मराठीच माणूस. "ताई, आजच सुरू करा, उद्या उशीर होईल. डॉक्टरांना विचारत बसू नका, त्यांना यातलं कळत नाही." कुप्या आल्या त्यांवर लेबल नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही. औषध किती तीव्रतेचं, ते फोनवर तोंडी. प्रमाणपत्र मागितलं तर एक फोटो आला. त्यावर बॅच नंबर होता, पण तो ताडून पाहायला कुपीवर नंबर हवा ना!

हे इंजेक्शन आम्लधर्मी असतं, फार झोंबतं. सिरिंज दिसली की चिंगी कपाटामागे जाऊन थरथरायची. मी तिला ओढून काढायचे, बरं होणार म्हणून. खऱ्या औषधाने बहुधा काही दिवसांतच ताप उतरतो, भूक लागते. इथे काहीच बदललं नाही. मग त्याने डोस वाढवायला सांगितला, म्हणजे कुप्याही दुप्पट. पुढे, "साठा संपतोय, ८४ दिवसांच्या कोर्सचं सगळं आत्ताच घेऊन ठेवा." दर वेळी पैसे वेगळ्याच नावाच्या यूपीआयवर. मी बिल मागितलं आणि त्याने ब्लॉक केलं. त्या जिवाला फुकट टोचत राहिले, याचा राग पैशांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

डॉक्टरांनी मग रेमडेसिविर सुरू केलं. कोविडमध्ये माणसांना दिलं तेच, शरीरात त्याचं जीएस-४४१५२४ च होतं. कंपनीचं लेबल, प्रिस्क्रिप्शन, पक्कं बिल. ताप उतरला. चिंगी आता वाटीतलं संपवून अजून मागते. उपचार चालू आहेत, रक्त मधूनमधून तपासतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तुमच्यापैकी कोणाला अशा कुप्या आल्या असतील तर रिकाम्याही फेकू नका. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार नोंदवा. त्या माणसाचा नंबर बदलला आहे, पण जाहिरातीतला फोटो अजून तोच आहे.