भाड्याच्या सदनिकेचा भार कोणावर टाकावा?

सदनिका भाड्याने दिल्यावर महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांपुढे वसुलीचे दोन मार्ग असतात. पहिला मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे तो स्वतः सदनिकेत राहत नसल्याबद्दलचे शुल्क, घेण्याचा. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने, महापालिकेचे कर वगळून, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर त्याची मर्यादा बांधली. त्यामुळे 3000 रुपये सेवाशुल्क असल्यास जास्तीत जास्त 300 रुपयेच आकारता येतात.

दुसरा मार्ग भाडेकरूलाच गाठण्याचा: सामान आत आणण्याचे शुल्क, लिफ्टच्या वापराचे वेगळे पैसे, वाहनतळाचा चढा दर. येथे तक्रार तरी कोठे करायची? मालकाला सर्वसाधारण सभेत मत असते, आपल्यावरील आकारणीला तो तेथे विरोध करू शकतो. भाडेकरू नाममात्र सदस्य झाला तरी त्याला मतदानाचा अधिकार मिळत नाही, म्हणजे ज्याच्यावर आकारणी होते तोच निर्णयाबाहेर राहतो. शिवाय रखवालदार, पाणी आणि जिन्यातील दिवे यांचा खर्च मासिक देयकातून आधीच वसूल झालेला असतो. (ते देयक अनेकदा भाडेकरूच भरतो, हे वेगळेच.)

मालकही बिनभोगवटा शुल्क अखेर भाड्यात मिळवतो, हे खरे. तरीही मर्यादा ठाऊक असलेला पहिला मार्गच मला अधिक न्याय्य वाटतो.