रावपुऱ्यातला वाडा आणि सात मजल्यांचं चित्र

बडोद्याच्या जुन्या भागात ज्यांचे वाडे आहेत, किंवा वाड्यात ज्यांची दोन-तीन पिढ्यांची भाड्याची बिऱ्हाडं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाडा पाडून नवी इमारत बांधू, असं सांगत आमच्याकडे जो माणूस आला तो स्वतःला बिल्डर म्हणवत नव्हता. "मी आपलाच माणूस, शेठ आणि तुमच्यामधला दुवा," असं म्हणायचा. मराठी आमच्या धाकट्या पिढीपेक्षा शुद्ध. गणपतीत आरतीला उभा राहायचा आणि पूर्ण आरती त्याला पाठ होती. नाव देत नाही, प्रकरण कोर्टात आहे.

वाडा आमच्या आजेसासऱ्यांचा. पुढे चार भावांची घरं, मागच्या चौकात भाडूत. पाडून नवं बांधावं की नाही, यावर आमच्यात कधीच एकमत नव्हतं. थोरले काका म्हणायचे, सागवानी खांबांना हात लावायचा नाही, डागडुजी करा. जुना पादरा रोडला राहायला गेलेल्या दिरांना आपला हिस्सा रोख हवा होता. भाडुतांना मालकीचा फ्लॅट हवा होता, त्यात वावगं काही नाही. आणि माईंना, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंना, फक्त संडास घरात हवा होता. सत्तरीनंतर रात्री दोर धरून तो उभा जिना उतरायचा, चौक ओलांडायचा आणि पुन्हा वर चढायचं. जुन्या वाड्यांच्या सौंदर्यावर जे भरभरून बोलतात त्यांनी हे एकदा पावसाळ्यात करून बघावं. नवं मागणारे हावरे आणि जुनं धरून बसणारे खुळे, असं काही नव्हतं. सगळ्यांच्या गरजा खऱ्या होत्या.

त्याने नेमकं हेच हेरलं. आम्हाला त्याने एकत्र बसवून कधीच काही सांगितलं नाही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खोलीत जाऊन वेगळं सांगितलं. काकांना, "दर्शनी भाग जसाच्या तसा, कोरीवकाम काढून नव्या इमारतीत बसवू." दिरांना, सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट आणि वर रोकड. भाडुतांना, आहे तेवढीच जागा मालकीने, जास्तीची हवी तर आत्ता पैसे भरा, सवलतीत. माईंना, लिफ्ट आणि बेडरूमला लागून संडास. आणि प्रत्येकाकडून निघताना एकच वाक्य: "बाकीच्यांना आत्ताच सांगू नका, नाहीतर तेही मागतील." चार भावांच्या घरात अबोला नवा नव्हता, त्यामुळे ते वाक्य बिनबोभाट पाळलं गेलं.

कागद तीनशे रुपयांच्या स्टँपवरचे, नोटरी केलेले, गुजरातीत. काकांनी वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा त्याने कोरीवकामाचा परिच्छेद मोठ्याने वाचला. पुढच्या पानावर कुलमुखत्यारपत्र होतं: ताबा घेणे, जुनं बांधकाम उतरवणे, बानाखत म्हणजे विक्रीचा करार करणे. माझ्या नवऱ्याने सही केली नाही, कारण सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव आहे. वारसाई म्हणजे वारसांची नोंद झालेली नाही, पेढीनामा म्हणजे वंशावळीचा कागदही झालेला नाही. त्यावर तो हसून म्हणाला, "साहेब, पंचाहत्तर टक्के संमती झालीये. कायदा बदलला, तुमची सही आली नाही तरी चालतं."

हा कायदा खरा आहे आणि म्हणूनच तो फसवायला कामी येतो. गुजरात ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट १९७३ चा. त्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि पंचवीस वर्षं झालेल्या इमारतींच्या पुनर्विकासाला पंचाहत्तर टक्के फ्लॅटमालकांची संमती पुरेशी ठरली. पण तो फ्लॅटच्या इमारतींसाठी आहे. आमचा वाडा फ्लॅट नव्हे, अविभक्त मिळकत आहे. सहहिस्सेदार लिहून देईल ते त्याच्या हिश्श्यापुरतं. तिघांनी मिळून चौथ्याचा हिस्सा देता येत नाही. हे आम्हाला ओळखीच्या वकिलांनी फोनवर सांगितलं, फी न घेता. दिरांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, आम्ही मोडता घालतोय.

त्यात त्याला आयतं हत्यार मिळालं ते नोटिशीचं. २०१९ च्या जुलैअखेरच्या त्या पावसात, ज्यात अर्धं बडोदं पाण्यात होतं, मागची भिंत फुगली होती. तीन वर्षांनी सेवासदनाची, म्हणजे महापालिकेची, जर्जरित बांधकामाची नोटीस लागली, कलम २६४ ची. पावसाळ्याआधी शहरातल्या जुन्या भागात अशा नोटिसा लागतातच. धोकादायक भाग काढा किंवा दुरुस्त करा, एवढाच तिचा अर्थ. त्याने भाडुतांना सांगितलं की वाडा महिन्याभरात पाडणार, सामान हलवा, बाहेरचं भाडं शेठ देतील. दोन बिऱ्हाडांनी ताबा पावतीवर सह्या करून किल्ल्या दिल्या. जुन्या भाडुताची सगळी ताकद ताब्यात असते, ती त्या दिवशी गेली.

मग 'धोकादायक भाग उतरवायला' मजूर आले. फुगलेली भिंत त्यांनी शिवलीसुद्धा नाही. उतरवले ते मागच्या माडीचे खांब, घोड्या म्हणजे लाकडी आधार, कोरीव दारं, तुळया. रात्री टेम्पो लागायचा. जुन्या सागवानाला आणि कोरीव दारांना बाजारात काय मागणी आहे हे तुम्हाला माहीत असेल, मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. आज मला वाटतं की आमच्या वाड्यात त्याला रस होता तो एवढाच. इमारत त्याला कधी बांधायचीच नव्हती. लाकूड, भाडुतांनी भरलेले पैसे आणि रिकाम्या खोल्या, त्याची कमाई इथेच पूर्ण होत होती.

भाड्यापोटी दिलेले पुढच्या तारखांचे चेक सुरुवातीला वटले, नंतर परत यायला लागले. इथे त्याने केलेली चलाखी नीट वाचा. चेक परत आला की तो फोन करायचा, "थोडं थांबा, पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका." चेकची मुदत तीन महिने. बँकेची परतीची चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. आमचे एक भाडूत, शाळेतून निवृत्त झालेले सद्गृहस्थ, त्याच्या शब्दावर थांबत राहिले आणि मुदती टळल्या. दुसऱ्यांच्या मुलाने थांबायला नकार दिला, त्यांची केस उभी आहे.

फुटलं ते बाहेरच्या माणसांमुळे. एका रविवारी मकरपुऱ्याहून एक जोडपं आलं, 'आपला' चौथा मजला कुठे येणार ते बघायला. त्यांच्याकडे पावती होती. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीच्या, नंबरच्या जागी छापलं होतं, 'अर्ज केला आहे'. वाड्याची जागा पाचशे चौरस मीटरांहून मोठी, फ्लॅट अठ्ठावीस. अशा स्कीमला रेरा नोंदणीआधी एकही बुकिंग घेता येत नाही. नोंदणी असली तरी रजिस्टर बानाखताशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. यांनी निम्मे पैसे दिले होते. मी त्यांना चहा दिला. काय बोलावं सुचत नव्हतं. काकू आतून विचारत होत्या, पाहुणे कोण?

मी त्याच्याकडे रजा चिठ्ठीचा, म्हणजे बांधकाम परवानगीचा, नंबर आधीपासून मागत होते. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब रजेवर. त्या जोडप्यानंतर नवरा खंडेराव मार्केटला, सेवासदनात, जाऊन आला. आमच्या वाड्यावर प्लानच दाखल नव्हता. आणि तिथल्या एका कारकुनाने सहज विचारलं, "तांबेकर वाड्यापासून किती लांब तुम्ही?"

तांबेकर वाडा म्हणजे बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा, भित्तिचित्रांचा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं ते संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच पक्कं झालं. मनाईच्या हद्दीत जुन्या घराची डागडुजी, नूतनीकरण करता येतं, तेही परवानगी घेऊन. आम्ही शंभर मीटरांच्या आत आहोत. म्हणजे सात मजले जाऊ दे, तिथे नवी एक खोली उभी राहणार नव्हती. भाजी आणायला जाताना ज्या वाड्यावरून आम्ही रोज जातो, त्याच्यामुळे. काकांचं म्हणणं, डागडुजी करा, हेच एकमेव कायदेशीर होतं. माईंचा संडास त्याच परवानगीत बसू शकतो का, हे आम्ही आता विचारतो आहोत.

पोलीस ठाण्यात आधी नुसती अरजी घेतली. "दिवाणी मामला आहे," हे ऐकायची तयारी ठेवा. मकरपुऱ्याचं जोडपं, भाडूत आणि आम्ही एकत्र गेलो तेव्हा फिर्याद झाली, जुन्या दंड संहितेच्या ४२० (फसवणूक) आणि ४०६ (विश्वासघात) खाली, कारण सगळं नवी न्याय संहिता येण्याच्या आधीचं. एकत्र जाणं सोपं नव्हतं. दीर आणि काका त्या दिवशी किती तरी वर्षांनी एका रिक्षात बसले. ज्यांनी मुखत्यारपत्र दिलं होतं त्यांनी ते रद्द केल्याचा लेख रजिस्टर करून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. रिकाम्या खोल्यांवर त्याने स्वतःची कुलपं लावली आहेत, त्यासाठी २०२० च्या जमीन बळकाव कायद्याखाली कलेक्टरकडे वेगळा अर्ज आहे.

जामिनावर सुटल्यापासून तो शहरातल्या वाडी भागात दिसतो, असं दोघांनी सांगितलं. त्याच्याकडचं नव्या इमारतीचं चित्र तेच आहे म्हणे, सात मजले, खाली पार्किंग, गच्चीवर झाडं, फक्त वर नाव दुसरं. तुमच्या ओट्यावर कुणी ते उलगडलं तर सही, किल्ली, पैसा काहीही देण्याआधी शेजारच्या खोलीत जाऊन विचारा, तुम्हाला काय सांगितलं?